नाक माझं, आणि समजावणार मुलाला?

बायांनो, आज दवाखान्यात माझा नुसता जळफळाट झाला.

नाकावरची जखम मी काजू भाजताना उडालेल्या चिकाची समजून खोबरेल लावत बसले होते. ती निघाली कातडीच्या कॅन्सरची.

शेजारच्या शालिनी टीचरलाही तोच. तिला डॉक्टरीणबाईने चित्र काढून सगळं समजावलं. मला म्हणते, "आजी, तुमच्या मुलाला सांगते."

मी म्हटलं, "नाक त्याचं गो, की माझं? मलाही काढ चित्र!"

हसली, पण काढलं. हा वेळेवर कापून काढला तर बहुतेक बरा होतो, म्हणाली. उन्हात तोंड झाकायचं, नवा डाग दिसला की दाखवायचा.

शालिनीला रंगीत पेनाने, मला साध्याने. अजून पोटात दुखतंय.

तुमचं दुखणं डॉक्टर कोणाला सांगतात गो, तुम्हाला की मुलाला?