ब्रेकची ओळ

टिळकवाडीतल्या एका छोट्या कंपनीत मी प्रोग्रामर होते. लोंढ्याहून रोज गाडीनं यायचे. आम्ही यंत्रमागाला लावायच्या पेट्या बनवायचो. धागा तुटला की पेटी मोटार बंद करायची, लाल दिवा लावायची आणि ब्रेक दाबायची. ही तिन्ही कामं सी भाषेतल्या एका मॅक्रोत होती. मॅक्रो म्हणजे काही सूचनांना दिलेलं एक नाव. तो एकाच ओळीत लिहावा लागतो. लांब झाला तर तोडलेल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी उलटी तिरकी रेघ द्यायची, म्हणजे खालची ओळ वरच्या ओळीला जोडली जाते.

एक दिवस मालक म्हणाले, "कुठं काय होतंय ते लिहून ठेव. उद्या दुसऱ्या कुणाला कळायला पाहिजे." दिव्याच्या ओळीपुढं मी दोन तिरक्या रेघा मारल्या आणि लिहिलं, 'आता ब्रेक लागेल'. दोन रेघांपुढचं लिखाण माणसासाठी असतं, संगणक ते सोडून देतो. ओळीच्या टोकाची उलटी रेघ मी तशीच राहू दिली. पडद्यावर एक पिवळी सूचना आली. तशा रोजच यायच्या, मी वाचली नाही. टेबलावरच्या लहान मोटारीवर पेटी लावून बघितली. मोटार थांबली. आम्ही पेट्या पाठवून दिल्या.

तीन आठवड्यांनी वडगावहून फोन आला. एका विणकर बाईची दोन बोटं मागात सापडली होती. मालक जाऊन आले आणि म्हणाले, "चालू मागात हात घातला बाईनं. मी कंपनीतर्फे तसंच लिहून दिलंय."

मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. घरातल्या पुढच्या खोलीत माग होता, बंद. पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन आक्का बसल्या होत्या. 

"लाल दिवा लागलता की," त्या म्हणाल्या. "म्हणूनच हात घातला. माग थांबलाच न्हाय, अजून दोन-तीन ठोके पडले."

दिवा लागला होता, म्हणजे मोटार बंद झाली होती. फक्त ब्रेक लागला नव्हता. टेबलावरची लहान मोटार ब्रेकशिवायच थांबली होती, जड माग मात्र आपल्या वेगानं फिरत राहिला होता. ऑफिसात येऊन मी मॅक्रो उघडला आणि माझीच ओळ बघत बसले. संगणक आधी ओळी जोडतो, मग माणसासाठीचं लिखाण काढून टाकतो. ब्रेकची ओळ माझ्या वाक्याला जोडली गेली होती आणि त्याच्याबरोबरच निघून गेली होती.

मालकांना दाखवलं.

"दुरुस्त कर. सगळ्या पेट्या बदलून ये. पण बाहेर बोलायचं नाही."

"आक्कांना तरी सांगायला पाहिजे, सर."

"सांगितलंस तर इथं परत येऊ नकोस."

चार दिवस मी घरोघरी जाऊन पेट्या बदलल्या. माग सुरू करायचे, धागा तोडायचे, ब्रेक लागतो का बघायचे. आक्कांचं घर मी शेवटी ठेवलं. खरं सांगायचं तर मी भीत होते.

त्यांना मॅक्रो काय सांगणार? मी एवढंच म्हटलं, "आक्का, पेटीत मी लिहिताना चुकले. ब्रेकची ओळच पेटीला कळली नाही."

त्यांनी हळूच विचारलं, "म्हंजे माझं लक्ष नव्हतं असं न्हाय?"

"न्हाय, आक्का."

"घरात सगळी तेच म्हणत्यात. मलाबी तसंच वाटायला लागलंतं." त्यांनी आतल्या खोलीकडं हाक मारली, "अहो, हिकडं या. ह्या काय म्हणत्यात ऐका."

त्यांचे यजमान आले. मी पुन्हा सगळं सांगितलं. ते ऐकून ते भिंतीला टेकून उभे राहिले. मी कागद मागून घेतला, त्यावर सगळं लिहिलं, सही केली. आक्कांनी तो कागद डाव्या हातानं घेतला.

नोकरी गेली. त्या कागदामुळं मालकांना आपलं लिहिलेलं मागं घ्यावं लागलं आणि दवाखान्याचा खर्च द्यावा लागला. आता मी निपाणीत मुलामुलींना सी शिकवते. आक्का सूत गुंडाळून कांड्या भरतात, मागावर बसत नाहीत. त्या मला कधी रागानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.