गोड आवाजाची बाई

चार माणसांच्या त्या जाहिरात कंपनीत ती चित्रं काढायला म्हणून लागली होती. पहिल्याच महिन्यात एक गिऱ्हाईक फोनवर भडकलं, आणि तिनं त्याला गोडीगुलाबीनं शांत केलं. "ज्याचा हात ज्यात बसलाय, त्यानं तेच करावं," मालक म्हणाले. तेव्हापासून फोन तिच्या टेबलावर आला तो आलाच. चित्रं दुसराच कुणी काढू लागला.

नऊ वर्षांनी तिनं धीर करून स्वतःचं एक चित्र मालकांपुढे ठेवलं. त्यांनी ते मनापासून पाहिलं.

"सुरेख आहे. पण ताई, चित्रं काढणारे छप्पन्न मिळतील. तुमच्यासारखं बोलणारं माणूस कुठून आणू?"

रागावलेल्या माणसाला समजावता येतं, पण कौतुक करणाऱ्याशी भांडायचं कसं? तेवढ्यात फोन वाजला. चित्र पालथं ठेवून तिनं तो उचलला. पलीकडचा माणूस दोन मिनिटांत निवळला.