कोशातून उडवलेलं 'जेवलासा काय?'

आज सकाळी तात्या गेला. मला अजून रडू आलेलं नाही. नुसता राग आलाय.

तात्या म्हणजे माझा शेजारी, शाहूवाडीकडचा रिटायर्ड मराठीचा मास्तर. मी सायकल दुकानवाला, शाळा अर्धवट. तरी आपल्या बोलीच्या कोशासाठी शब्द गोळा करत हिंडायचं म्हटलं की त्याला जोडीला मीच लागायचो.

त्याची एक खोड होती. ज्याच्या तोंडून शब्द ऐकला, त्यालाच परत जाऊन अर्थ वाचून दाखवायचा.
"व्हय, आमी असंच म्हंतो" असं त्यानं म्हटलं, की मगच नोंद पक्की.

'जेवणे' या नोंदीसाठी आम्ही मंडई पालथी घातली.
एक भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "जावंसंगं कडाकडा भांडली, की दुसऱ्या दिशी मीच इचारती, जेवलीस का गं? मिटलं."

"आणि माफी?" तात्यानं विचारलं.

"माफी मागाय मी काय कोर्टात हाय व्हय, मास्तर?"

तात्या खूश. लिहिलं : 'भांडण मिटवताना असं विचारतात. उत्तरात पदार्थ सांगू नयेत.'

कोशाच्या संपादक साहेबांनी ती ओळ उडवली.
"मास्तर, जेवणे म्हणजे भोजन करणे. लहान मुलालाही कळतं. जागा कुठंय?"

छापलं तेवढंच. भोजन करणे.
भाजलेली भाकरी काढून घेतली आणि ताटात कोरडं पीठ वाढलं!

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

परवा साहेब दवाखान्यात आले. स्टुलावर अवघडून बसले. तात्याच्या नाकात नळी.

शेवटी तात्याच म्हणाला, "साहेब, जेवलासा काय?"



साहेब म्हणाले, "हो, आत्ताच. पोळी आणि मेथीची भाजी."

ते गेल्यावर तात्या हसला. "बघ. नोंद उडवली की असं हुतंय."

आता तेच साहेब शोकसभा घेणार आहेत. मेसेज आलाय. 'बोलीचा आधारस्तंभ हरपला.'

अहो, कसला स्तंभ घेऊन बसलायसा? त्या माणसानं तुम्हाला माफ केलं, आणि तुम्ही त्याला भाजी सांगितलीत!

सभेला मी येणार. मंडईतल्या मावशींनाही आणणार. ती ओळ त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचणार. मग काय व्हायचं ते होऊ दे.

तात्या, भावपूर्ण वगैरे मला लिहायला जमत नाही.
तुझं-माझं कधी भांडण नव्हतं. तरी विचारतो.

जेवलास का रं?