दोन कॉलमांत न मावलेला शब्द

भास्कर गेल्याचं मला भाजीवाल्या मावशींनी सांगितलं. त्याची बायको, आमच्या वहिनी, माझ्या घरी फोन लावत होत्या आणि मी नेमका गंगापूर रोडला, त्याच्याच बिल्डिंगसमोर मेथी निवडत उभा. "तुमचे ते देशोदेशीचे सर गेले ना हो पहाटे..." मी म्हटलं, काहीतरीच काय, काल गुरुवार, काल चार वाजता तर बोललोय आम्ही! पण खरं होतं. झोपेतच गेला. आज दीड महिना झाला, आणि खरं सांगू? रडू येतं, पण त्याहून जास्त हलकं वाटतं. का, ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

भास्कर मूळचा सटाण्याकडचा, कॉलेजात माझ्याच बाकावरचा. पुढं तो आंतरराष्ट्रीय संबंधांचा मोठा अभ्यासक झाला आणि मी इथल्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीचा उपसंपादक. मोठ्या देशांवर सगळेच लिहितात. यानं आयुष्य घातलं नेपाळ, भूतान, मालदीववर. "थोरला कसा वागतो हे धाकट्याला विचारावं," म्हणायचा. आठवड्यातले चार दिवस पुण्याला विद्यापीठात, एसटीनं ये-जा, आणि शनिवारी घरी पेठ-सुरगाण्याकडच्या मुलामुलींचा फुकट वर्ग. एकदा त्यातली एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या दोन पाड्यांत एकच झरा हाय. आधी पाणी कोणी भरायचं ते ठरलेलं हाय, पण लिहिलेलं काय नाय." हा खुर्चीतून उठलाच! "अगं, हाच करार! हाच!" करत स्वयंपाकघरात वहिनींना सांगायला धावला.

त्याच्या बोलण्यात 'कदाचित' फार. चहा घेणार का विचारलं तरी कदाचित. मी चिडवायचो, "लग्नाला तरी सरळ हो म्हणाला होतास ना?" तर आतून वहिनीच ओरडायच्या, "कदाचित!"

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सीमेवर कुरबुरी वाढल्या, तेव्हा मी त्याच्याकडून पुरवणीसाठी लेख मागून घेतला. शीर्षक त्यानंच दिलं होतं: 'कदाचित युद्ध टळेल'. पुरवणी गुरुवारीच छापायला जायची. जागा दोन कॉलमांची, आणि टाइप ठसठशीत हवा हा माझा हट्ट. उडवला मी 'कदाचित'. रविवारी पुरवणीत 'युद्ध टळेल' आणि त्याच अंकाच्या पहिल्या पानावर तोफा सुरू झाल्याची बातमी! सगळं गाव हसलं. सातपूरच्या एका कामगारानं पत्र लिहिलं, सरांना आमच्या युनियनच्या मीटिंगला पाठवा, तिथलंही भांडण टळेल. भास्कर मला एवढंच म्हणाला, "एक शब्द होता रे..." महिन्याभरात कानावर आलं की दिल्लीच्या एका मोठ्या संस्थेत त्याची नेमणूक व्हायची होती, ती झाली नाही. मला कुणी बोल लावला नाही, पण मी समजायचं ते समजलो. मित्राच्या तोंडचा घास मी काढून घेतला होता.

मग मीच स्वतःला शिक्षा लावून घेतली. दर गुरुवारी चार वाजता पुरवणीची सगळी शीर्षकं त्याला फोनवर वाचून दाखवायची. पाककृतींचीसुद्धा! तो फोन उचलायचा तोच अहिराणीत, "बोल, काय शे?" आणि ऐकून म्हणायचा, "हमखास खुसखुशीत चकल्या? अरे बाबा, कदाचित घाल तिथं." मी निवृत्त झालो, पुरवणी सुटली, तरी फोन सुटला नाही, लोकांच्या पेपरातली शीर्षकं वाचायला लागलो. पण दिल्लीचा विषय काही काढवला नाही. नऊ वर्षं जीभ रेटली नाही माझी.

तेराव्यानंतर वहिनींनी त्याचं कपाट आवरायला बोलावलं. एका फायलीत दिल्लीला धाडलेल्या पत्राची कार्बन कॉपी होती. भास्करनं ती नेमणूक स्वतःच नाकारली होती. शनिवारचा वर्ग टाकून येणं जमणार नाही, क्षमस्व... बस्स, एवढंच. त्यात एकही कदाचित नव्हता. तारीख पाहिली. लेख छापून येण्याच्या तीन आठवडे आधीची!

मी ते पत्र वहिनींसमोर धरलं. "वहिनी, हे मला का नाही सांगितलं त्यानं?"

वहिनी डोळे पुसता पुसता हसल्या. "कितीदा म्हटलं ह्यांना, सांगून टाका बिचाऱ्याला. तर म्हणायचे, सांगितलं की त्याचा गुरुवारचा फोन बंद होईल."

लबाड कुठला! नऊ वर्षं छातीवरचा धोंडा घेऊन हिंडलो मी, आणि हा तिकडं चार वाजायची वाट बघत बसलेला. त्या दिवशी घरी येऊन मी आधी रडलो आणि मग पोटभर जेवलो.

काल गुरुवार होता. या लेखाचं शीर्षक लिहून झालं, चार वाजले आणि हात आपोआप फोनकडे गेला. वहिनींनी उचलला. मी शीर्षक वाचून दाखवलं.

मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, पुढच्या गुरुवारी काय वाचणार?"