भोंग्याचा चढलेला आकडा

बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणाऱ्या त्या माणसाला सगळे भोंगा म्हणत. ध्वनिक्षेपक बंद पडला तरी त्याचं अडत नसे. खिडकीतून मान बाहेर काढून तो गाडीचं नाव असं काही पुकारायचा, की शेवटच्या फलाटावर पेंगणारा प्रवासीही दचकून पिशवी उचलायचा.

पन्नाशीला टेकला आणि हा माणूस हळूहळू विझायला लागला. जिना चढताना धाप लागायची. घरी आला की खुर्चीत बसायचा तो उठायचाच नाही. बायको रोपवाटिकेत कामाला होती. दिवसभर कुंड्या उचलून आल्यावरही ती नवऱ्यापेक्षा ताजीतवानी असायची. तिनं काही बोलायला घेतलं, की हा "हं" म्हणून कूस बदलायचा.

मग एका दुपारी कहर झाला. माइक चालू राहिला आणि भोंग्याला डुलकी लागली. सगळ्या स्थानकावर घोरणं घुमायला लागलं. तिकीट खिडकीवरचा दोस्त धावत आला आणि त्याला गदागदा हलवून म्हणाला, "भोंगेराव, ही कुठली गाडी लागली? लोक फलाट विचारतायत!"

हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. बायकोला मात्र हसू आलं नाही. दुसऱ्याच दिवशी ती त्याला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी बरेच प्रश्न विचारले, बऱ्याच तपासण्या सांगितल्या. त्यातली एक होती टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषांच्या हार्मोनची. ती भल्या सकाळी करायची आणि एकदा कमी आली तर पुन्हा करून बघायची. दोन्ही वेळा आकडा तळाशीच निघाला.

"तरुणपणी गालगुंडं झाली होती का?" बाईंनी विचारलं.

"झाली होती," भोंगा छताकडे बघत म्हणाला. "गालांपेक्षा खालीच जास्त सुजलं होतं."

बायको खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवून बसली. बाईंनी मात्र गंभीरपणे मान हलवली. गालगुंडं खाली उतरली की हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथी दुखावतात, दुखणं तेव्हाचंच असावं, म्हणाल्या. त्यांनी रोज सकाळी खांद्यांना चोळायचं जेल लिहून दिलं. लावलं की हात धुवायचे, वाळलं की सदरा घालायचा. बायकोच्या अंगाला ते लागता कामा नये. "आणि औषध सुरू केलं म्हणजे सुटलो, असं नाही हं. ठरावीक काळानं रक्त तपासायचं. हार्मोन किती आहे, रक्त दाट तर होत नाही ना, प्रोस्टेट ग्रंथी ठीक आहे ना, हे बघावं लागतं."

काही आठवड्यांत भोंग्याच्या आवाजाला पुन्हा धार आली. घरी तो शिट्टी वाजवायला लागला. बायको बोलायला लागली की "हं"च्या पुढे "मग काय झालं?" असंही विचारायला लागला. तिला तेवढंच पुरेसं होतं.

औषधानंतरच्या पहिल्या तपासणीचा रिपोर्ट त्यानं प्रयोगशाळेच्या दारातच उघडला. हार्मोनच्या आकड्यापुढे वर जाणारा बाण! नेहमीच्या पातळीच्या कितीतरी वर! भोंगा छाती काढूनच घरी आला.

"अगं, बघ तुझा नवरा! कागदावर लिहून दिलंय!"

"हो का? मग माळ्यावरची ती ट्रंक काढून द्या. वर्षभर सांगतेय."

भोंगा ताडकन स्टुलावर चढला. ट्रंक खाली आली आणि पाठीत उसण भरली. डॉक्टरबाईंच्या खोलीत तो शिरला तो बायकोच्या आधारानं, अर्धा वाकूनच.

बाईंनी रिपोर्ट वाचला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. भोंग्याचा तोरा तिथल्या तिथे उतरला.

"काही भलतंच आहे का हो?"

"रक्ताचा दाटपणा ठीक आहे, बाकी सगळं ठीक आहे. हा एकच आकडा असा कसा?" बाईंनी रिपोर्ट खाली ठेवला. "जेल कुठे लावता, दाखवा बरं."

भोंग्यानं खांद्यापासून सुरुवात केली आणि त्याचा हात थेट कोपराच्या खाली जाऊन थांबला.

"आणि रक्त दिलंत त्या दिवशीही लावलं होतं?"

"म्हणजे काय! चांगलं दुप्पट लावलं. परीक्षा होती ना!"

बाईंना हसू आवरेना. "अहो, कोपरातूनच रक्त काढलं ना? कातडीवरचं जेल सुईनं जाता जाता उचललेलं दिसतंय. हा आकडा तुमच्या रक्तातला नसावा, तुमच्या हातावरचा असावा."

मग बायको इतकी हसली, की बाहेरचे पेशंट दारातून डोकावले. भोंगाही हसला, हसताना पाठ कळवळली, तरी हसला.

पुढच्या खेपेला त्यानं जेल नेमकं सांगितलं तेवढंच, फक्त खांद्यांना लावलं, आणि रक्त द्यायच्या हाताला अजिबात नाही. आकडा आला अगदी मधला. "म्हणजे मी साधाच?" तो जरा हिरमुसला. "इथे साधं असणं म्हणजे पहिला नंबर," बाई म्हणाल्या.

पुढे एकदा रक्त खरंच दाट व्हायला लागलं. तेव्हा मात्र भोंगा घाबरला. रक्ताची गुठळी, झटका, काय काय डोक्यात आलं, आणि दिवसभर त्याच्या घोषणा चाचरत होत्या. बाईंनी जेलचं प्रमाण कमी केलं आणि तपासणी लवकर ठेवली. तोवर बायको रोज संध्याकाळी त्याला फिरायला नेई आणि रोपवाटिकेतल्या गमती सांगत राही. पुढच्या वेळी सकाळी रक्त दिलं आणि दुपारी प्रयोगशाळेतच रिपोर्ट मिळाला, तो त्यानं स्वतः उघडला नाही, तिच्या हातात दिला.

"दाटपणा उतरला," ती म्हणाली. "आणि तुमची तब्येत?"

भोंग्यानं थोडा विचार केला. धाप न लागता जिने चढता येत होते, झोप लागत होती, सकाळी उठावंसं वाटत होतं. कमी जेलवरही सगळं जागेवर होतं.

"भूक लागलीय," तो म्हणाला.

रक्त द्यायला तो उपाशीपोटी आला होता, हे दोघंही विसरले होते. प्रयोगशाळेसमोरच्या गाडीजवळ बाकावर बसून त्यांनी उकडलेली अंडी आणि पाव खाल्ला. अर्ध्या अंड्यावरून थोडी झटापट झाली. ते शेवटी बायकोला मिळालं.