नाडी बघणारा विमेवाला

मानोऱ्याच्या बाजारात माझ्या कापडाच्या दुकानासमोर विम्याचा एक एजंट बसायचा. भर उन्हातही अंगात काळा कोट आणि कोटावर पितळी बिल्ला: ‘वृद्धविमा-विशारद, लंडन’. तो फक्त म्हाताऱ्यांनाच गाठायचा. फॉर्म काढण्याआधी डोळे मिटून त्यांची नाडी बघायचा आणि लांबलचक ‘हं’ म्हणायचा. त्या ‘हं’नेच निम्मे जण अंगठा उमटवायचे.

“तुमी डाक्टर हा का?” एका माळीणबाईंनी त्याला विचारलं.

“त्याच्यावरची परीक्षा हाय माही,” तो म्हणाला.

एका बाजाराच्या दिवशी वांगी विकणारे आजोबा चक्कर येऊन पडले. लोकांनी विशारदाला ओढतच आणलं. त्यानं नाडी धरली आणि लगेच सोडून दिली.

“मले यातलं काई समजत नाई,” तो म्हणाला. “मी चौथी नापास हाओ. गाडी जुपा, दवाखान्यात न्या.”

वेळेवर नेलं म्हणून आजोबा वाचले. पुढच्या बाजारी ते विमा काढायला त्याच्याचपुढे जाऊन बसले.

“बाबा, तो लोकायले फसवून राह्यला,” मी म्हणालो.

“मालूम हाय,” आजोबा म्हणाले. “पन मी मरून राह्यलो होतो तवा तो खरं बोलला. आता मी जित्ता हाओ, तं बोलू दे त्याले थोडं खोटं.”