कंट्रोलचे वाफे

कृषी विद्यापीठात एमएस्सी करताना माझा प्रयोग कांद्यातल्या तणावर होता. कोणतं तणनाशक किती काम करतं ते बघायचं. त्यासाठी काही वाफे मुद्दाम तसेच सोडायचे, ना खुरपणी, ना फवारणी. त्यांना आम्ही कंट्रोल म्हणायचो, आणि बाकीचे वाफे त्यांच्याशी ताडून बघायचो. कंट्रोल गेला की प्रयोग गेला. मग कांदा पुन्हा पुढच्या रब्बीतच, म्हणजे पदवी वर्षभर लांबली. हे आमच्या विभागात शिपायालाही ठाऊक होतं.

आप्पांना नव्हतं. आप्पा म्हणजे माझे वडील, काष्टीकडचे शेतकरी, सगळा जन्म कांद्यात गेलेला. एकदा मला भेटायला एसटीने आले. दुपारी माझं लेक्चर होतं, म्हणून त्यांना फार्मवर सावलीला बसवलं आणि गेले. परत येऊन बघते तर कंट्रोलचे सगळे वाफे चकाचक. हराळीसुद्धा मुळासकट काढून बांधावर टाकलेली, आणि आप्पा मजुरांकडून मागून घेतलेलं खुरपं पुसत उभे. दुसऱ्याच्या रानात ते असं कधी करणार नाहीत, पण लेकीचं रान दुसऱ्याचं कसं?

संताप असा आला होता की तोंड उघडलं असतं तर नको ते निघालं असतं. त्यांना चहा पाजला, एसटीत बसवलं आणि गाईडकडे गेले. सरांनी आधी कपाळाला हात लावला, मग त्यांना हसू आवरेना. मला काही हसू आलं नाही.

सुट्टीत घरी गेले तेव्हा वर्ष का वाढलं ते सांगणं भागच होतं.

"मुद्दाम ठेवलंय हे मला काय ठाव?" आप्पा म्हणाले. "तिथं तुझ्या नावाची पाटी हुती. येनारा-जानारा वाचत हुता. पोरीच्या नावाखाली एवढं गवत बरं दिसत न्हाई."

माझा राग तिथेच बसला, आणि रडू आलं ते वेगळंच.

पुढच्या रब्बीत प्रयोग पुन्हा लावला. आप्पा भेटायला आले, पण फार्मच्या रस्त्यावरच थांबले, तेही वाफ्यांकडे पाठ करून. मी आत बोलावलं.

"नको," म्हणाले. "आत आलो तर हात ऱ्हानार न्हाई."

माझी पदवी होईपर्यंत त्यांनी त्या रानात पाऊल टाकलं नाही.